डबल बेल

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं आमची माय म्हणते. खोटं आहे. नाकाच्या शेंड्यापर्यंत यायला त्याला वेळ कुठं मिळतो? आधी तोंडातनंच बाहेर पडतो.

तर त्या दिवशी विहाराच्या ओट्यावर रॅलीची मीटिंग चालू होती आणि मी लई खुशीत होते. संभाजीनगरहून महू, महूहून नागपूर, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी दीक्षाभूमी, मग परत घरी. वीस-बावीस मोटरसायकली, त्यात आम्ही बायाही सहा-सात जणी, प्रत्येकीची स्वतःची गाडी. मुक्काम कुठं, पेट्रोल कुठं, कुणाचा टायर गुळगुळीत झालाय आणि कोण तो बदलायला चालढकल करतंय, हे सगळं उन्हाळ्यापासून मी बघत होते. शेंद्र्याच्या एका कंपनीत मी लाइन सुपरवायझर आहे. माणसं रांगेत ठेवणं हा माझा रोजचाच धंदा. रॅलीत सगळ्यात पुढची गाडी माझी, हे कुणी ठरवलं नव्हतं. ठरवायचं काय त्यात? माझ्याशिवाय होतं कोण?

तेवढ्यात मागून आवाज आला, "माझं बी नाव घ्या."

आबा. म्हणजे आमचे वडील. एसटीत ड्रायव्हर म्हणून सगळी हयात घातली, रिटायर होऊनही जमाना झाला, दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेले. भिंतीला टेकून उभे होते, हाताची घडी घालून, जणू डेपोत ड्युटी मागायला आलेत.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. आबांना तोंडावर नाही म्हणायची हिंमत आमच्या मोहल्ल्यात कुणाचीच नाही. माझीही नाही, उगाच खोटं कशाला बोलू? पण म्हातारा माणूस, जुनी हिरो होंडा आणि घाटातनं धावणारे ट्रक, हे सगळं डोळ्यांपुढं आलं. मग मी शहाणपणा केला.

"नाव घेते," मी म्हणाले, "पण येत्या रविवारी चाचणी. बिडकीन, पैठण, पाचोड आणि बीड रोडनं परत. ज्यानं रांग मोडली त्याची गाडी बाद. मग तो कुणी का असंना. मी असले तरी!"

ते शेवटचं मी नुसतं वजनाला टाकलं होतं, भाजीवाली वरून दोन मिरच्या टाकते तसं. पण धम्मपाल, आमच्या कमिटीचा सेक्रेटरी, त्याला प्रत्येक गोष्ट ग्रुपवर टाकायची खोड. मी खाली बसायच्या आत सगळ्यांचे मोबाईल वाजले. "ज्याने रांग मोडली त्याची गाडी बाद. निशाताई असल्या तरी. जय भीम."

त्या संध्याकाळी जेवताना मायनं तोंडाचा पट्टा सोडला. आमच्या मायचं नाव पारूबाई, आणि माझा राग तिच्याकडनंच आलाय, हे ती सोडून सगळ्यांना माहीत आहे. "आता या वयात फटफटीवर महू-नागपूर! गुडघ्याला तेल मी चोळायचं आणि नवाब फिरायला चालले."

आबांनी तिच्याकडं लक्षच दिलं नाही. मला म्हणाले, "निशे, नागपूरला तिथं गाडीपाशी कोण थांबणार?"

"आबा, पार्किंग असतं तिथं."

"पार्किंग असतंय, ते माहीत हाय. गाडीपाशी कोण थांबणार?"

"कुणी नाही थांबत! लॉक करायची आणि जायचं!"

त्यांनी मान हलवली, ताट उचललं आणि बाहेर गाडी पुसायला गेले. मी म्हणाले, म्हाताऱ्याच्या डोक्यात काय घुसलंय कोण जाणे. तेव्हा मायनं हातातली भाकरी खाली ठेवली.

"तुला काय ठाऊक," ती म्हणाली. "दर दसऱ्याला ह्यायला नागपूरची जादा गाडी द्यायचे. आपलेच लोक, कोंबून भरलेले, टपावर सामान. हे त्यांना उतरवायचे आणि गाडीतच बसून राहायचे. लोकांचं सामान टाकून ड्रायव्हर कसा जाईन? लोक आतनं जाऊन यायचे, ह्यांच्यासाठी बाबासाहेबांचा फोटो आणायचे. भिंतीवरचे एवढे फोटो कुठून आले वाटलं तुला? इतक्या खेपा मारल्या, पण स्तूपाच्या आत पाय ठेवला नाय या माणसानं."

"मग रिटायर झाल्यावर का नाही गेले?"

"प्याशिंजर म्हणून? तुझा बाप? दुसऱ्याच्या गाडीत मागं बसून?" माय हसली. "मेला तरी बसायचा नाय."

बाहेर आबा गाडीच्या टायरला पान्यानं ठोकून आवाज ऐकत होते. बसच्या टायरला ठोकतात ना, तसं. मोटरसायकलच्या टायरला कोण ठोकतं? मला हसू आलं आणि रडूही आलं. पण कुणाची किती इच्छा आहे हे ट्रकवाल्याला कळत नसतं. मी नियम तसाच ठेवला. आपोआप बाद होतील, घरी राहतील, जिवंत राहतील. माझा सरळ हिशोब होता.

रविवारी सकाळी सगळे हजर. सुट्या क्लच वायरी, पंक्चरचं सामान, दोरी, औषधांचा डबा, सगळं माझ्या नजरेखालून गेलं. एका शहाण्यानं रेनकोट आणला नव्हता, त्याला घरी पिटाळून आणायला लावला. धम्मपालनं प्रत्येक गाडीला निळा झेंडा बांधला. मी पुढं, माझ्यामागं आबा, म्हणजे आरशात ते मला दिसत राहतील, त्यांच्यामागं मोनाली नावाची बँकेत असलेली पोरगी, मग बाकीचे. शेवटी धम्मपाल.

बिडकीनपर्यंत आबांनी इतकी सरळ गाडी चालवली, की मला जरा वाईटच वाटलं. तिथं चहा झाला. मी हात वर केला, गिअर टाकला आणि निघाले. पैठण रोडला लागून बरंच पुढं गेल्यावर आरशात बघते तर मागं कुणीच नाही! एक झेंडा नाही. गाडी वळवली आणि अशी पिटाळली की काय सांगू.

येऊन बघते तर काय, सगळी रांग चहाच्या टपरीपुढं जशीच्या तशी उभी. सगळ्या गाड्या चालू. पुढं आबा, क्लच दाबलेला, नजर समोर, पुतळ्यागत.

"आबा! काय झालं?"

ते ओशाळले. असे ओशाळलेले मी त्यांना जन्मात पाहिले नव्हते. हळूच म्हणाले, "बेल नाय झाली."

"कसली बेल?"

"कंडक्टरची. डबल बेल." मग जरा चिडूनच म्हणाले, "एकटा असलो तं काय वाटत नाय. पण मागं माणसं असली की हात सुटतच नाय क्लचवरनं. बेल झाल्याबिगर गाडी हलवायची नाय, कुणी दाराशी लटकलेलं असतंय."

अख्खी रांग हसायला लागली. मोनाली तर हँडलवर डोकं ठेवून हसत होती. मी मात्र सुपरवायझर. म्हणाले, "आबा, रांग मोडली म्हणायची ही."

"रांग हितंच हाय," आबा म्हणाले. "तूच गेलीस फुडं."

धम्मपालला खोकला आला. मग मोनालीनं तोड काढली. प्रत्येक थांब्यावरनं निघताना ती मागून दोनदा हॉर्न वाजवायची, पीं पीं, आणि आबा निघायचे. दर वेळी तोंड वाकडं करायचे, पण निघायचे.

पाचोडला नेमका बाजार भरलेला. शेळ्या, मिरच्यांचे ढीग, रस्त्यात उभे टेम्पो. तिथून आबांनी गाडी अशी काढली की कुणाच्या पिशवीलाही धक्का लागला नाही. आणि मी मनात म्हणाले, निशे, तुझा हिशोब चुकतोय बरं का. खरं सांगते, मला तेव्हा आनंदच झाला होता.

पाचोड सोडून हायवेला लागलो आणि एक पांढरी कार मागून आली. तिला आमच्या रांगेतनंच घुसायचं होतं. आत चार पोरं, खिडकीतनं बाहेर लटकून ओरडत होती. कार मोनालीच्या इतकी जवळून गेली की तिची गाडी डगमगली आणि मातीत उतरली. सावरली पोरगी, पण मला आरशात ते दिसलं आणि माझ्या डोक्यात सणक गेली. कार माझ्या शेजारनं सटकली. मी पिळला ॲक्सिलरेटर आणि लागले तिच्यामागं.

आडूळच्या अलीकडं एका ढाब्यावर गाठलंच त्यांना. असं झापलं, असं झापलं, की ढाब्याचा मालकही पोळी तव्यावर विसरला. "आयाबहिणी नाहीत का रे घरी? रस्ता काय तुमच्या बापानं बांधला का?" चौघांनी कान धरले, सॉरी ताई, सॉरी ताई म्हणत. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. लई बरं वाटत होतं मला.

आणि मग आमची रांग आली.

सगळ्यात पुढं आबा. त्यांच्यामागं मोनाली, धुळीनं माखलेली पण ताठ. मग एकामागं एक सगळे, दोन गाड्यांत सारखं अंतर, शेवटी धम्मपाल. आबांनी हात वर केला, रांग थांबली. मी मोनालीला विचारलं, "लागलं का गं?"

"नाही ताई. आबा थांबले माझ्यासाठी." मग चाचरत म्हणाली, "तुम्ही गेलात तसे निम्मे तुमच्यामागं पळणार होते. आबांनी नुसता हात आडवा केला."

धम्मपाल जमिनीकडं बघत होता. त्याच्या मोबाईलमध्ये काय आहे ते मलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

परत विहारापाशी येईपर्यंत मी रांगेत शेवटी चालवली. तिथं उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझी गाडी बाद."

एकच गलका झाला. ताई, असं कसं, रॅली तुमची आहे, त्या पोरांची चूक होती. धम्मपाल म्हणाला, "ताई, चाचणीच होती ना? मी ग्रुपवरचं डिलीट करतो."

"खबरदार डिलीट केलं तर!"

पण खरं सांगू? मी आबांकडं बघत होते. एकदा त्यांनी म्हणावं, जाऊ द्या रे, पोरगी हाय माझी. त्यांनी हेल्मेटचा पट्टा सोडला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "व्हय. बाद."

पोटच्या बापानं! घरी येऊन मी भांडी आदळली, रडले, पुन्हा भांडी आदळली. माय म्हणाली, "भांड्यांनी काय घोडं मारलंय? नियम कुणाचा?"

"माझाच."

"मग?"

मग काय. अर्धवट काम मला बघवत नाही. पुढचे दिवस मी रागारागानं तयारी केली. मुक्कामाच्या विहारांना फोन केले, नव्या टायरसाठी लोकांच्या मागं लागले, रस्त्याचा कागद धम्मपालकडनं घोकून घेतला. पुढची गाडी आबांची, असं सगळ्यांनी एकमतानं ठरवलं. मी हो म्हणाले. दुसरं कोण होतं?

निघायच्या दिवशी सकाळी मी नुसती निरोप द्यायला गेले. बाया फुलं घेऊन आलेल्या, वंदना झालेली, गाड्या रांगेत लागलेल्या. आबा पुढं, धुतलेला पांढरा शर्ट, इस्त्री कडक. आणि त्यांच्या मागच्या सीटवर माझं हेल्मेट बांधलेलं. बाजूला माझी पिशवी. ती भरलेली मायनं, हे बघताक्षणी कळलं, कारण वर चटणीचा डबा होता.

"बस," आबा म्हणाले.

"मी बाद आहे."

"तुझी गाडी बाद हाय. माझ्या गाडीची मागची सीट कुणी बाद केली?"

"आबा, मी आजवर कुणाच्या मागं बसले नाही."

"मी बी कुणाच्या बसलो नाय. म्हणूनच अडकलो ना इतकी वर्षं." त्यांनी हेल्मेटची दोरी सोडून ते माझ्या हातात दिलं. "मला कंडक्टर पाहिजे. मोनालीचं ते पीं पीं, ती काय बेल हाय का?"

मागं मोनाली हसली. माय गर्दीत उभी राहून पदरानं डोळे पुसत होती आणि कुणी बघितलं की धूळ गेली म्हणत होती. मी हेल्मेट घातलं आणि बसले. बापाचे खांदे इतके जवळून मी शाळेत जाताना पाहिले होते. तेव्हा रुंद होते.

आबांनी गाडी चालू केली. मागं सगळ्या गाड्या चालू झाल्या, झेंडे फडफडायला लागले. क्लच दाबून ते समोर बघत राहिले. हलेनात.

मी पुढं वाकले. "आबा, नागपूरला गाडीपाशी मी थांबणार आहे. तुम्ही आत जायचं. निवांत. सगळं बघून यायचं."

आरशात मला नुसते त्यांचे डोळे दिसत होते. मग त्यांनी हेल्मेटची काच खाली ओढली आणि घसा खाकरला.

"बेल मार की गं."

मी त्यांच्या हेल्मेटवर दोनदा टकटक केलं, आणि गाडी निघाली.