झिपऱ्याच्या गळ्यातला कांदा

आमची कोहळ्यांची जात तलाव बांधणाऱ्यांची. पाणी कुठून येतं, कुठं थांबतं आणि कुणाच्या धानाच्या बांधीत आधी जातं, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही, असं मी पंचवीस वर्षं गावभर सांगत आलो. लोक माझ्या या बोलण्याला कंटाळले आहेत. मीही आता ते बंद केलं आहे.

माझी मुलगी नीतू पोलीस भरतीची तयारी करते. भरतीत आठशे मीटर धावायचं असतं. ती रोज चार किलोमीटर धावते, कारण थोडक्यात भागवणं आमच्या घरात कुणालाच जमत नाही. एकटी पोरगी धावते म्हटल्यावर टवाळांना ऊत येतो, म्हणून तिच्यासोबत झिपऱ्या असायचा. झिपऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. काळा, दाट केसांचा, पिल्लू असताना गोंदियाहून आणलेला. उन्हाळा आला की माझी बायको भागीरथा म्हणायची, "याले एखांदी कात्री तं दाखवा." मी ते हसण्यावारी न्यायचो.

दोन वर्षं ती दोघं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, धावली. पाळीवर जांभळीची, मोहाची सावली. दर फेरीला झिपऱ्या पाळ उतरून तलावात उडी घ्यायचा, निथळत वर यायचा आणि नीतूच्या पुढं निघून जायचा. "पोलिसात आधी याचाच नंबर लागते," मी म्हणायचो. कुत्रा मोठा दमदार, असं माझं पक्कं मत झालं होतं. तो दम त्याचा नव्हता, तलावाचा होता. हे मला एप्रिलमध्ये कळलं.

यंदा तलावातला गाळ काढायचं ठरलं. ग्रामसभेत सगळ्यात मोठा आवाज माझाच. मार्चमध्ये तलाव रिकामा केला, जेसीबी उतरली आणि पाळीवरून गाळाचे ट्रॅक्टर सुरू झाले. नीतूला पाळ बंद झाली. मग डांबरी रस्ता, फाट्यापर्यंत दोन किलोमीटर आणि परत. झिपऱ्या ट्रॅक्टरखाली जाऊ नये म्हणून त्याच्या गळ्यात दावं आणि दाव्याचं टोक नीतूच्या कमरेला. त्यात मोहाचे दिवस. मायलेकी पहाटेच मोह वेचायला जायच्या, कारण उशीर केला की फुलं दुसऱ्याच्या टोपलीत. घरी येऊन टोपल्या रित्या करून फुलं वाळत घालेपर्यंत नऊ वाजायचे. धावणं त्यानंतर.

ऊन लागू नये म्हणून मी नीतूच्या खिशात कांदा द्यायचो. माझ्या आईनं मला दिला, मी तिला दिला. त्या दिवशी झिपऱ्या माठाखालच्या ओलीत पोट टेकून पडला होता. उठायला तयार नव्हता.

"बाबा, आज याले घरीच राहू द्या का?" नीतू म्हणाली.

"अन् फाट्यावरच्या त्या पोट्ट्याइले कोन पाहील?" असं म्हणून मी एका चिंधीत कांदा बांधला आणि ती चिंधी झिपऱ्याच्या गळ्यात घातली. "घे, याचीबी सोय झाली."

भागीरथा हसली. मीही हसलो. त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

मी तलावात जेसीबीजवळ उभा होतो तेव्हा नीतूचा फोन आला.

"बाबा, झिपऱ्या पळसाखाली बसला. उठून नाई राहिला."

"कुठं?"

"फाट्याच्या अलीकडं. लय धापा टाकून राहिला. जीभ जांभळी दिसते."

"नाटकं करून राहिला तो. सकाळपासूनच त्याचा कामचोरपणा चालू हाय. ओढ त्याले. एकदा बसू देलं का रोज बसल."

"इथंच सावलीत थांबू का थोडा वेळ?"

"थांबून भरती होते का? चाल, धाव."

जेसीबीचा आवाज होता, हे खरं. पण मला सगळं नीट ऐकू आलं होतं.

नीतू माझं ऐकणारी पोर. तिनं दावं ओढलं. झिपऱ्या उठला, कारण तोही ऐकणारा होता. शे-दोनशे पावलं तो झोकांड्या खात तिच्यामागं धावला आणि उघड्या डांबरावर आडवा झाला. दुसरा फोन आला तेव्हा ती नुसती रडत होती.

मी मोटारसायकलनं पोचलो. झिपऱ्याचे डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. अंगाला हात लावला तर तव्यासारखा चटका. नीतूनं बाटलीतलं होतं नव्हतं ते पाणी त्याच्यावर ओतलं होतं. मी पाण्यासाठी बाजूच्या नहराकडं, कालव्याकडं धावलो. नहर कोरडा ठाक. तो आमच्याच तलावाचा, आणि तलाव मीच रिकामा करवलेला.

गुरांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, "काका, कुत्र्याले आपल्यासारखा घाम येत नाई. बसला तिथंच सावलीत ओला कराचा होता. अन् या उन्हात त्याले डांबरावर कायले धावडवलं? हात उलटा करून रस्त्यावर टेकवून पाहा."

मी टेकवला. पाचपर्यंतही मोजता आलं नाही. आम्ही दोघं त्याला उचलायला वाकलो तेव्हा त्याची धाप थांबली होती.

घरामागच्या मोहाखाली त्याला पुरलं. नीतूनं दावं सोडून घेतलं. भागीरथा ती कांद्याची चिंधी सोडायला वाकली तर नीतू म्हणाली, "राहू दे. बाबानं देला हाय." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर ती उजाडायच्या आत एकटीच धावू लागली. मी मोटारसायकलनं मागं जायचो, तर म्हणाली, येऊ नका. महिन्याभरानं तिला मैदानी चाचणीचं बोलावणं आलं. स्टँडवर एसटीची वाट पाहताना मी सवयीनं कांदा पुढं केला. तिनं तो घेतला, खिशात ठेवला आणि रस्त्याकडं पाहत विचारलं, "बाबा, त्या दिवशी पळसाखाली मीच बसली असती अन् तुमाले फोन केला असता, तं तुमी काय म्हटलं असतं?"

"लगेच आलो असतो," मी म्हणालो.

तिनं मान हलवली आणि एसटीत चढली. तिचा माझ्या बोलण्यावर विश्वास बसला नाही, हे मला कळलं. माझाही बसला नव्हता.