काहीच न घडणारी खोली

लोकांना घाबरवून पोट भरणाऱ्या घरातली मुलगी गेले कित्येक दिवस स्वतःच घाबरून हिंडत होती. भुतांना नव्हे. भुतं तिच्या रंगाच्या टेबलाखाली गठ्ठ्याने पडलेली असत आणि उंदीर त्यांच्या दाढ्या कुरतडत. ती घाबरत होती बापाला एक वाक्य सांगायला.

वाक्य काही मोठं नव्हतं. 'बाबा, मला दुसऱ्या शहरात काम मिळतंय, मी जाऊ का?' तिथल्या एका मोठ्या नाट्यगृहाने तिला पडदे आणि देखावे रंगवायला बोलावलं होतं. घराएवढे उंच पडदे, हाताखाली माणसं, आणि उजेड येईल अशी मोठमोठ्या खिडक्यांची जागा! दोनदा 'कळवते' म्हणून तिने वेळ मारून नेली होती. आता सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं, नाहीतर ते दुसरं कुणी बघणार होते. रोज सकाळी ती वाक्य तोंडात घोळवत जिना उतरायची, आणि खाली बाबा तयारच असायचे. "उंदीरबाई, हे टोक धर जरा." फळीचं टोक हातात आलं की वाक्य घशात परत जायचं. तिशी उलटलेली, शिडीवर उभी राहून छत रंगवणारी, दारू पिऊन आलेल्या गिऱ्हाइकाला कॉलर धरून बाहेर काढणारी बाई, पण बापासमोर तिची बोबडी वळत होती.

मोठा पाळणा, छोटी आगगाडी, फिरणारे घोडे असं सगळं असलेल्या एका मैदानाच्या कडेला त्यांची पत्र्याची लांबलचक शेड होती. शेडमध्ये प्लायवूडच्या भिंतींचा भूतबंगला आणि त्याच्या डोक्यावर बापलेकीच्या राहण्याच्या दोन खोल्या. म्हणजे भुतांचे शेजारी म्हणायला हरकत नाही. स्प्रिंगा, तारा, बिजागऱ्या, वजनं हे खातं बाबांचं. रंग, उजेड, आवाज हे तिचं. बाबांनी सांगाडा लटकवला की ती त्याच्यावर असा उजेड टाकायची की तो लटकवलेला आहे हे कुणाच्या डोक्यातच येऊ नये. लहानपणी ती भिंतींच्या मागच्या फटीतून सरपटत जाऊन तुटलेल्या तारा जोडून यायची, म्हणून उंदीरबाई.

आणि या घरात एक नियम होता. ती शाळेत जायला लागली त्या सुमाराची गोष्ट. बाबांचं नवं भूत बघून ती बाहेर आली आणि छाती काढून म्हणाली, "मी नाही घाबरले." तेव्हा आई होती, ती तिकिटाच्या खिडकीत बसायची. आईने तिचं मनगट धरलं आणि हसत सुटली. "तोंड काय, काहीही सांगेल गं. हे बघ काय सांगतंय!" तेव्हापासून ठरलं. नवी खोली बांधली की बांधणाऱ्याने बाहेर थांबायचं, दुसऱ्याने आत जायचं आणि पलीकडून बाहेर आल्यावर हात पुढे करायचा. नाडी धावत असली तर खोली पास. नसली तर नापास, आणि नापास खोली त्याच दिवशी मोडायची. तोंडाने कोण काय म्हणतं ते धरायचं नाही.

बाबांच्या खोल्या भराभर पास व्हायच्या, कारण मुलगी मनापासून घाबरायची. तिने एकटीने योजलेली एकही खोली कधी पास झाली नव्हती. बाबा आत जायचे, शीळ घालत बाहेर यायचे आणि हात पुढे करायचे. नाडी भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखी शांत. आई गेली त्या दिवशी मात्र दोघांपैकी कुणीच कुणाचं मनगट धरलं नाही.

या हंगामाला मैदानाच्या मालकाला शेवटची खोली नवी हवी होती. बाबांच्या डोक्यात कपाट होतं, कपाटातून येणारा हात होता.

"हात नको," ती म्हणाली. "या खोलीत काहीच घडायचं नाही."

"काहीच नाही?"

"एक साधी खोली. माणूस आत येतो, मागे दार बंद होतं. बस्स."

"मग लोक घाबरतील कशाला? त्यांच्या घरी नाहीत का खोल्या?"

"म्हणूनच घाबरतील."

बाबांनी कानामागची पेन्सिल काढली, परत लावली. "बरं बाई. तुझी खोली, तू जाण. दार मी करतो." आणि त्यांनी दार असं केलं की काय सांगावं! माणूस आत आला की आपल्या आपण, कणभरही न वाजता, हळूहळू मिटणारं. बिजागरीत त्यांनी काय घातलं होतं ते त्यांनी तिलाही सांगितलं नाही. दोघांनी भिंती उभ्या केल्या, तिने त्या फिकट पिवळ्या रंगवल्या, वर्षानुवर्षांच्या धुराने माखतात तशा. टेबल ठेवलं, एक खुर्ची, ताटावर उपडं घातलेलं ताट. खोक्यात निळा दिवा बसवून आवाज बंद केलेला टीव्ही केला. दाराशी चपलांचा स्टँड, त्यावर चपलांचा एकच जोड.

ही खोली तिने कुठून आणली होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. मागे एकदा ती कामासाठी दोन दिवस बाहेरगावी गेली होती. परत आली तर वरच्या खोलीत दिवा नाही, मुका टीव्ही चालू, बाबा खुर्चीत, आणि टेबलावर झाकलेलं ताट जसंच्या तसं. "जेवलो मी," बाबा म्हणाले होते. तेव्हापासून दूरच्या शहराचा विचार मनात आला की तिला ते ताट दिसायचं. तिने मनाची समजूत घातली होती की खोली गिऱ्हाइकांसाठी आहे, टेबल वेगळं आहे, खुर्ची वेगळी आहे, बाबांना कुठे काय कळतंय. अशी समजूत माणूस स्वतःची फार छान घालू शकतो.

शनिवारी दुपारी खोली तयार झाली. मैदान बंद होतं, बाहेर ऊन रखरखत होतं. शेडच्या आत मात्र नेहमीचा काळोख.

"चला," बाबा हात झटकत म्हणाले. "बघू या तुझ्या खोलीत काय काय घडत नाही ते."

ते आत गेले. ती बाहेर पडायच्या दाराशी, बटणांच्या फळीजवळ उभी राहिली. आधीच्या खोल्यांतून त्यांची शीळ ऐकू येत होती. सांगाड्याच्या खोलीत, मग आरशांच्या, मग अरुंद बोळात. मग शेवटच्या खोलीशी शीळ आली आणि थांबली. दार मिटलं असणार. बाबांचं दार, ते मिटल्याचं कळणारही नव्हतं.

ती वाट बघत राहिली. या खोलीतून बाहेर पडायला कितीसा वेळ लागतो? चार पावलं टाकली की पलीकडचं दार. ती कान देऊन उभी होती, पण आतून काहीच येत नव्हतं. ना शीळ, ना पाऊल, ना खोकला.

"बाबा?"

तिने पलीकडचं दार ओढलं. ते फक्त आतून उघडायचं, तसंच तर दोघांनी ठरवलं होतं, गिऱ्हाइकांनी उलटं शिरू नये म्हणून. तिने दारावर थाप मारली. मग बुक्की. बाबांचं वय, जिना चढताना हल्ली लागणारी धाप, मागच्या महिन्यात छातीवर हात ठेवून 'गॅस झालाय' म्हणणं, हे सगळं एकदम अंगावर आलं. ती शेडला वळसा घालून धावत पुढच्या दाराशी गेली आणि आत शिरली.

आतली एकूण एक तार तिला पाठ होती. कुठल्या फळीवर पाय पडला की सांगाडा सुटतो ते तिला ठाऊक होतं, तरी पाय त्याच फळीवर पडला, सांगाडा अंगावर आला आणि ती जिवाच्या आकांताने किंचाळली. आरशांच्या खोलीत सगळीकडून घामाने डबडबलेली एकच बाई तिच्याकडे धावत होती. बोळात तिने रंगवलेले हात दोन्ही भिंतींतून बाहेर येत होते. ज्या भीतीची आपण स्वतः रंगरंगोटी केली, तिनेच पाचावर धारण बसावी! पण तिला हसायचं सुचलं नाही. ती फक्त "बाबा, बाबा" करत पुढे जात राहिली. शेवटच्या खोलीचं दार तिने ढकललं.

बाबा खुर्चीत बसले होते. पाठमोरे. मान एका बाजूला कललेली, टीव्हीचा निळा उजेड पांढऱ्या केसांवर. हालचाल नाही. तिच्या मागे दार मिटलं आणि तिला ते कळलंही नाही.

तिला पुढे जाववेना. पुढे गेलं तर कळणार होतं. ती दाराशी उभी राहिली आणि तिने आपलाच आवाज ऐकला, लहान मुलीसारखा. "बाबा, मी नाही जात. ऐकताय ना? मी कुठे नाही जात."

"चपलांचा एकच जोड का ठेवलास?" बाबा म्हणाले.

ती मटकन खाली बसली. जिवात जीव आला तसा रागही आला. "मी किती हाका मारल्या! ओ द्यायला काय झालं होतं?"

"बघत होतो खोली." त्यांनी मान वळवली नाही. "सांग ना. एकच का?"

"दुसरं माणूस गेलंय म्हणून."

"गेलं म्हणून काय झालं? मागे राहिलेला माणूस दुसरा जोड टाकून देतो होय? तो तिथेच राहतो. केर काढताना उचलायचा, पुसायचा, परत ठेवायचा."

वर त्यांच्या राहत्या खोलीतल्या स्टँडवर आईच्या चपला अजून होत्या. रोज बघून बघून तिला त्या दिसेनाशा झाल्या होत्या. इतकी वर्षं त्यांच्यावर धूळ कशी बसली नाही, हा प्रश्नही तिला कधी पडला नव्हता.

"कधी जायचंय?" बाबांनी विचारलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच की. एवढी खोली बांधून सांगितलंस. तोंडाने सांगितलं असतंस तर प्लायवूड तरी वाचलं असतं."

ती हसली आणि रडली, दोन्ही एकदमच झालं. मग तिने सगळं सांगितलं, नाट्यगृह, पडदे, सोमवारचा फोन. बाबा टीव्हीच्या खोक्याकडे बघत ऐकत राहिले, जणू त्यात खरंच काही लागलेलं होतं. तिचं बोलणं संपल्यावर त्यांनी समोरच्या ताटावरचं ताट उचलून बघितलं. खाली काही नव्हतं. त्यांनी ते परत झाकून ठेवलं.

"सोमवारी हो म्हणून कळव," ते म्हणाले. "आणि ही खोली नापास. मी काही घाबरलो नाही. साधी खोली आहे, माणूस बसलाय, टीव्ही बघतोय. यात घाबरण्यासारखं काय आहे?" एवढं बोलून ते उठले आणि दोन्ही हात पँटच्या खिशात घालून दाराकडे निघाले.

"बाबा. हात."

"अगं, सांगितलं ना तुला."

"हात."

बाबांनी खिशातून हात काढला. उजेडात तो निळसर दिसत होता, आणि गार होता. तिने मनगटावर बोटं ठेवली. नाडी शिवणाचं पायमशीन सुसाट सुटावं तशी धावत होती. तिच्या उभ्या जन्मात तिने बापाची नाडी अशी पळताना पकडली नव्हती. इतक्या वर्षांनी तिची एक खोली पास झाली होती.

तिने वर बघितलं. बाबा तिच्याकडे बघत नव्हते. ते पिवळ्या भिंतीकडे बघत होते आणि निकालाची वाट बघत होते. इतका घाबरलेला माणूस तिने भूतबंगल्यात आजवर पाहिला नव्हता, आणि तिकीट काढून आलेले हजारो पाहिले होते.

"नापास," ती म्हणाली.

बाबांनी श्वास सोडला. "बघ. सांगत होतो तुला." मग जरा थांबून म्हणाले, "तू जायच्या आधी कपाट करून घेऊ. हात बाहेर येणारं. रंग तूच दे त्याला."

"देईन," ती म्हणाली. खोली आजच मोडायची होती, नियमच होता तसा. हातोडी बाहेर बटणांच्या फळीपाशी होती. पण मनगट तिने सोडलं नाही आणि बाबांनीही हात ओढून घेतला नाही. नाडी खाली येईपर्यंत दोघं तिथेच उभे राहिले.