मध्यंतरापर्यंत

सिनेमा संपला रे संपला की माणसं दाराकडे धाव घेतात, याचा त्याला जन्मभराचा राग होता. पडद्यावर नावं सरकत असतात, ज्यांनी दिवे उचलले, कपडे शिवले, चहा पोचवला त्यांची, आणि इकडे ही मंडळी त्यांच्याकडे पाठ करून अंधारात चपला चाचपत असतात. शेवटचं नाव वर जाऊन पडदा पांढरा होईपर्यंत तो खुर्ची सोडायचा नाही. त्यामुळे घरात त्याचं नावच पूर्णविराम पडलं होतं. धंद्याने तो कवळ्या करायचा. दंतवैद्यांकडून प्लास्टरचे साचे यायचे, तो मेणात एकेक दात बसवायचा, कवळी घासून चकचकीत करायचा, आणि शुक्रवारी दुपारी नखांतलं प्लास्टर काढून सिनेमाला जायचा. एकटा कधीच नाही. ताईबरोबर.

ती शपथच होती, आणि बेचाळीस वर्षं जुनी होती. तो आठ वर्षांचा आणि ताई बारा वर्षांची असताना ती मैत्रिणींबरोबर एक सिनेमा बघून आली आणि जेवताना, सगळ्यांदेखत, तिने शेवट सांगून टाकला. हा दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आईने दोघांना समोर बसवलं आणि शपथ घ्यायला लावली, की यापुढे एकाने दुसऱ्याशिवाय सिनेमा बघायचा नाही. आई ते विसरून गेली. ही दोघं विसरली नाहीत. ताईचं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाला ही अट आधी सांगण्यात आली. दाजी बरोबर यायचे, पण दहाव्या मिनिटाला झोपायचे, त्यामुळे ते होते तोवर आणि ते गेल्यावरही शपथेला धक्का लागला नाही. ताई बाळंतपणात अडकली होती तेव्हा एक चांगला सिनेमा तीन आठवडे लागून गेला. तो दोघांनीही आजतागायत बघितलेला नाही.

आणि मग ते वर्ष आलं. मार्चमधल्या ज्या शुक्रवारची तिकिटं त्याच्या खिशात होती, त्याच्या आदल्या दिवशी थिएटरं बंद झाली. दोन आठवड्यांचा प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले. ते दोन आठवडे आठ महिने चालले. दवाखाने बंद, म्हणून साचे बंद. पुढे दवाखाने उघडले तरी कवळ्यांना गिऱ्हाईक येईना, कारण मास्कच्या आड कोणाला दात आहेत आणि कोणाला नाहीत हे कळायला मार्गच नव्हता. तो घरी बसला. बायको शाळेत गणित शिकवायची. ती आता बाहेरच्या खोलीत लॅपटॉपसमोर उभी राहून चाळीस पोरांना अपूर्णांक शिकवू लागली, आणि टीव्ही त्याच खोलीत होता.

चारनंतर टीव्ही मोकळा व्हायचा, पण घरी सिनेमा बघणं म्हणजे डोक्याला ताप. पहिला प्रसंग रंगात यावा आणि बेल वाजावी. कोणीतरी भाजीची पिशवी दारात ठेवून पळालेलं असायचं, आणि एकेक टोमॅटो पुसून घ्यायचं काम याच्याकडे होतं. मग बायको येऊन विचारायची, हा कोण, ती याची कोण लागते, आणि पूर्ण उत्तर मिळालं की उठून जायची. सगळ्यात जास्त संताप शेवटी यायचा. नावं सुरू झाली की चित्र आपोआप कोपऱ्यात एवढंसं व्हायचं आणि टीव्ही विचारायचा, पुढचा सिनेमा लावू का. रिमोट सापडेपर्यंत दिवे उचलणारे निघून गेलेले असायचे. नव्या सिनेमांना त्याने हातही लावला नाही. सिनेमा टीव्हीवर असला म्हणून काय, शपथ ती शपथ. तो जुनेच पुन्हा पुन्हा बघायचा आणि फोनवर ताईशी त्यांच्यावरून भांडायचा.

जुलैत ताई आजारी पडली. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये होती, त्यातले सहा ऑक्सिजनवर. कोणाला आत सोडत नव्हते. हा रोज समोरच्या फुटपाथवर उभा राहून चौथ्या मजल्याच्या खिडक्यांकडे बघायचा. ती कुठल्या खिडकीमागे आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं. तो भ्यायला होता, आणि भ्यायला की तो ओरडायचा. म्हणून तो वॉचमनवर ओरडला, औषधाच्या दुकानदारावर ओरडला आणि घरी येऊन बायकोवर ओरडला. ताई घरी आली तेव्हा निम्मी झाली होती, जिना चढताना मध्येच थांबायची, पण आली. भाच्याने मामाला बाजूला घेतलं. फुप्फुसं अजून धड नाहीत, डॉक्टरांनी बजावलंय, म्हणाला. गर्दी नको, बंद जागा तर नकोच.

"मामा, थिएटरं उघडली तरी तुम्ही तिला न्यायचं नाही. शब्द द्या."

मामाने शब्द दिला.

नोव्हेंबरमध्ये थिएटरं उघडली आणि त्याची खरी पंचाईत झाली. भाच्याला शब्द दिला होता की ताईला नेणार नाही. ताईशी शपथ होती की तिच्याशिवाय जाणार नाही. दोन्ही पाळायचं तर हात चोळत घरी बसण्यावाचून इलाज नव्हता, आणि तो बसला. थिएटरवरून जायची वेळ आली की पोस्टर दिसू नये म्हणून मान वळवायचा. एकदा असाच मान वळवून चालताना विजेच्या खांबावर आदळला. ताई फोनवर म्हणायची, जा की तू, माझ्यासाठी कशाला थांबतोस. शपथ आहे, तो म्हणायचा. हो, ते आहेच, असं म्हणून ती विषय बदलायची. तब्येत कशी आहे विचारलं तर झकास. फक्त बुधवारी दुपारी फोन करू नकोस, म्हणायची. भाच्याला त्या दिवशी ऑफिसात जावं लागतं आणि तिचा श्वासाच्या व्यायामाचा वर्ग असतो. वर्गाला जाते हे ऐकून त्याला बरं वाटायचं.

फेब्रुवारीत त्याचा धीर सुटला. बोटीवर एक खून होतो आणि किनारा लागायच्या आत खुनी सापडायला हवा, असा एक सिनेमा होता. आदल्या मार्चपासून दोघं त्याची वाट बघत होती. तो एकदाचा लागला आणि बघता बघता उतरायची वेळ आली. गुरुवार शेवटचा होता. तीन दिवस हा घरात उगाच खेकसत फिरला. शेवटी बायकोच म्हणाली, एकदाचा बघून ये आणि मला वर्ग घेऊ दे. त्याने विचार करून बुधवार दुपार निवडली. ताईचा व्यायाम असतो, फोन येणार नाही, खोटं बोलावं लागणार नाही.

थिएटरच्या दालनात जंतुनाशकाचा वास मारत होता. पॉपकॉर्नचं यंत्र प्लास्टिकमध्ये गुंडाळून भिंतीला लावलेलं होतं. पूर्वी चार माणसं करायची ते सगळं आता खिडकीवरचा एकच माणूस करत होता. तिकीटही तोच द्यायचा, तापही तोच बघायचा. त्याने याच्या कपाळावर यंत्र रोखलं, तिकीट दिलं आणि म्हणाला, बसून घ्या. पाच प्रेक्षक झाल्याशिवाय खेळ लावायचा नाही, असा मालकांचा हुकूम आहे. दालनात हा धरून चौघं होते. एक जोडपं, ज्यांना सिनेमाशी काही देणंघेणं नव्हतं, आणि एक औषधविक्रेता, जो बॅग मांडीवर घेऊन आधीच डुलक्या काढत होता. अडीचची वेळ टळून गेली. मी दोन तिकिटं घेतो, हा म्हणाला. तिकिटं नाहीत, डोकी मोजायची असतात, असं उत्तर आलं. याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बेचाळीस वर्षांची शपथ मोडायला माणूस मनाची तयारी करून येतो, आणि त्याला पाचवं डोकं मिळत नाही.

"थांबा हो जरा," खिडकीवरचा म्हणाला. "येतीलच पाचव्या. आमच्या बुधवारच्या बाई."

काचेचं दार ढकलून बाई आत आल्या. दोन मास्क, त्यावर प्लास्टिकची पारदर्शक ढाल, हातात मोजे. चेहरा म्हणून काही दिसत नव्हता. पण पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून चालायची ती तऱ्हा तो गर्दीतूनही ओळखत आला होता. बाईंनी सवयीने कपाळ पुढे केलं, आणि मग त्यांना हा दिसला.

"ताई," तो म्हणाला.

"तू बुधवारी कसा?" ती म्हणाली, आणि तेही अशा सुरात की चूक याचीच असावी.

मग जुंपली. किती वेळा आलीस, असं याने विचारलं, तर ती पिशवीत तिकिटाचे पैसे शोधू लागली. खिडकीवरच्यालाच राहवलं नाही. हा चौदावा, म्हणाला, उघडल्यापासून बाईंचा एकही बुधवार चुकलेला नाही. याला तो खांब आठवला. तीन महिने हा मूर्खासारखा मान वळवून चालत होता, आणि ही तेरा वेळा येऊन गेली होती. शपथ मोडलीस तू, हा म्हणाला. तूही आज मोडायलाच आलायस, ती म्हणाली. मी एकदा, तू तेरा वेळा, असं म्हणून त्याने फोन काढला. आत्ताच्या आत्ता घरी जा, नाहीतर भाच्याला कळवतो.

"कळव की," ताई म्हणाली. "मी गेले की चार उरतात. बघू तुझा खेळ कसा लागतो ते."

ती बाकावर टेकली. याने नंबर काढला, पण लावायच्या आत ती पुन्हा बोलली, आता हळू आवाजात.

"तिथे वर छताला एक डाग होता. अकरा दिवस मी त्या डागावर सिनेमे लावून बघितले. सगळे तुझ्याबरोबर बघितलेले. एकेक करून संपत आले, तेव्हा घाबरले मी. म्हटलं, यातून उठले तर डाग पुरे. पडदा बघायचा. आणि तुला सांगितलं असतं तर तू नेलं नसतंस."

त्याने फोन खिशात टाकला. राग मात्र तसाच होता, आणि तो घेऊनच तो आत गेला.

एक सोडून एक खुर्चीवर पिवळ्या पट्टीची फुली मारलेली होती. त्यामुळे दोघांच्या मध्ये एक रिकामी फुली बसली. पडद्यावर बोट निघाली, खून झाला, सगळे एकमेकांकडे संशयाने बघू लागले. याला त्यातलं धड काही कळत नव्हतं. तो ताईच्या श्वासाकडे कान लावून होता. ती जरा खाकरली की तो वळून बघायचा आणि ती हाताने खूण करायची, पुढे बघ. वर्षभर ज्याची वाट बघितली तो सिनेमा समोर चालला होता आणि हिच्यापायी तो हातातून जात होता. कप्तानाने जुन्या पेटीचं कुलूप तोडलं, आत बघितलं, आणि दिवे लागले.

ताई पिशवी घेऊन उठली.

"आता कुठे?"

"घरी. मी मध्यंतरापर्यंतच बघते," ती म्हणाली. "शपथ सिनेमा बघायची होती. अर्धा बघितला म्हणजे सिनेमा बघितला असं कोणी म्हणतं का? तेरा अर्धे तुझ्यासाठी राखून ठेवलेत."

हे बोलताना ढालीमागे ती हसत होती, आणि इतक्या संतापातही याला हसू फुटायच्या बेतात आलं. असल्या पळवाटा काढण्यात ती लहानपणापासून पटाईत होती. ती खुर्च्यांच्या पाठी धरत धरत दारापर्यंत गेली. दारात एक प्लास्टिकची खुर्ची मांडलेली होती. येताना ती तिथे नव्हती. ताई तिच्यावर बसली, ढाल वर केली, मास्क खाली ओढले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि डोळे मिटून श्वास घेऊ लागली. ओठांचा चंबू करून सोडायची, थांबायची, परत घ्यायची. खिडकीवरचा माणूस हवा यावी म्हणून पाठीने दार उघडं धरून उभा होता.

"पाच-सात मिनिटं लागतात बाईंना," तो याला म्हणाला. "पहिल्या बुधवारी थांबल्या होत्या पुढचं बघायला. नाही जमलं."

याला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. कोणावर ओरडावं ते कळेना. ओरडण्यासारखं तिथे कोणी नव्हतं. तो नुसता खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. आतून घंटा वाजली.

"जा तू," ताई म्हणाली, बोलता येऊ लागल्यावर. "सुरू होईल. बघ, आणि घरी जाऊन मला शेवट सांग."

त्याने आत बघितलं. पडदा उजळला होता. पेटीत काय होतं ते आता कळणार होतं. आजवर एकाही सिनेमातून तो शेवटच्या नावाआधी उठला नव्हता, भिकारातल्या भिकार सिनेमातूनही नाही. तो आत गेला, खुर्चीवरची टोपी उचलली आणि परत आला.

"चल."

पुढे पस्तावशील, ती म्हणाली. याने तिला गप्प बसायला सांगितलं. आता तीनच डोकी उरली, खेळ बंद करणार का, असं त्याने खिडकीवरच्याला विचारलं. एकदा लागला की रिकाम्या खुर्च्यांनासुद्धा दाखवतो, असं तो म्हणाला.

बाहेर चाळीसेक पावलांवर एक बुटका कठडा होता. ताईला तिथवरच जाववलं. दोघं मध्ये अंतर ठेवून बसली. खुनी तो डॉक्टर, ती म्हणाली. तुला काही कळत नाही, आचारी आहे, हा म्हणाला. थोडा वेळ त्यावरून झालं. मग भाच्याला काय सांगायचं, हे निघालं. मी तुला न्यायचं नाही असा शब्द दिलाय, हा म्हणाला, आणि मी तुला नेलेलं नाही, तू आपली तिथे सापडलीस. आपण आता हिच्यासारखंच बोलायला लागलो, हे ध्यानात येऊन तो वैतागला. पुढच्या बुधवारपासून दाराजवळची रांग, त्याने बजावलं. दम लागला की मध्यंतराची वाट बघायची नाही, उठायचं. मी बरोबर उठेन.

"आणि राखलेले अर्धे?" तिने विचारलं.

"बघू. तुला जमायला लागलं की सगळे ओळीने बघू. पण मला त्यांचे पहिले अर्धे कुठे माहीत आहेत?"

"मी सांगते ना."

बेचाळीस वर्षांत त्याने तिला एकही सिनेमा सांगू दिला नव्हता. तो टोपी मांडीवर फिरवत राहिला.

"सांग," तो म्हणाला. "पहिल्या बुधवारपासून."

"सुरुवातीला नावं येतात."

"मग नावांपासून सांग. आणि घाई करू नकोस. दम लागला की थांब. मी बसलोय."