लोटाभर हळद

सुखदेव माझा एकुलता एक. बापाला तो बापूजी म्हणायचा. चौऱ्याऐंशी साली ते गेले, तेव्हा ते नावही त्यांच्यासोबत गेलं असं मी समजून होते. दोन वर्षांनी एका गुरुवारी सकाळी माझ्याच अंगणात ऐकलं, "बापूजी, जरा इकडं टॉर्च धरा." वळून पाहिलं तर मोटारीखाली सुखदेव उताणा, अन् त्याच्या डोक्याशी टॉर्च धरून उकिडवे बसलेले गुणवंता इवाई. माझ्या सुनेचे, सुधाचे वडील.

सासऱ्याला मामाजी म्हणतात. पांढुर्ण्यात म्हणतात, सौंसरात म्हणतात, सगळीकडे म्हणतात. माझ्या हातातलं सूप हातातच राहिलं.

गुणवंता इवाई सौंसरचे. पंचवीस वर्षं ट्रक चालवला, कापसाच्या गाठी नेल्या, संत्री नेली. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. चांगल्या माणसाचा राग पोटात ठेवावा लागतो आणि तो तिथं आंबतो.

ही मोटार घेतली तीही त्यांना विचारून. आमच्या बागेत संत्र्याचा मृग बहार त्या साली चांगला उतरला होता. सुखदेवनं नागपूरच्या एका ठेकेदाराची जुनी गाडी आणली आणि दारात उभी केल्यावर मला दाखवली. मी ओवाळलं, नारळ फोडला, म्हटलं रंग चांगला आहे. महिनाभरात तिच्या नाकाखालून पाणी टपकायला लागलं. रोज सकाळी अंगण ओलं. शेजारची अंबाबाई म्हणाली, "नवी गाय बांधली का वो?"

टपकू दे, असं मला वाटायचं. कारण गाडी दुरुस्त झाली की ती सौंसरला जाणार होती, आणि सुखदेव तिच्यासोबत. हा बेतही इवायांचाच. मागच्या खेपेला जेवताना बोलले होते, मी वाढत असताना, "शनिवारी जामसांवलीले काय गर्दी राहते, जवाईबापू. सौंसरच्या स्टँडवरून मारुतीच्या मंदिरापर्यंत सवाऱ्या मारा. माही मागची खोली खालीच हाय, सुधालेही आणा."

"अन् बाग?" मी विचारलं.

"बाग तू पाहतंच ना, माय," सुखदेव ताटात पाहत म्हणाला.

म्हणजे बाग मी पाहायची, आणि माझा पोरगा सासऱ्याच्या मागच्या खोलीत राहायचा. घरजवाई म्हणतात त्याला. त्या दिवशी मी वाढलेली भाजी मला स्वतःलाच गेली नाही.

तर तो गुरुवार. शनिवारी पहिली फेरी मारायची म्हणून इवाई सकाळच्या बसनं आले होते. मिस्त्रीकडे गाडी टाकली तर तो चार दिवस ठेवणार, म्हणून घरीच. त्यांनी पुढचं झाकण उघडलं, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दाखवली. रेडिएटर म्हणतात त्याला. त्यातलं पाणी इंजिन थंड ठेवतं, अन् तिथंच कुठंतरी बारीक भोक पडलेलं.

"इहीनबाई, घरची हळद हाय का?" त्यांनी ओट्याकडे पाहून विचारलं.

"हळद नसलेलं घर पाहिलं का कुठं?"

"मंग दोन मुठी द्या, लोटाभर पाण्यात कालवून. गाठ नको एकही. गरम झाली का फुगते अन् भोकात जाऊन बसते. पंधरा-वीस दिवस पाहाले नको."

"फोडणी बी देऊ का मोटारीले?"

सुखदेव हसला. इवाईही हसले आणि हसता हसता त्यांनी त्याच्या पाठीवर हात फिरवला. मी ते पाहिलं. त्याच्या बापानं त्याला शेत दिलं, नाव दिलं, पण असा पाठीवर हात त्यांना कधी जमला नाही. सुखदेवनं मांजरासारखी पाठ वर केली.

मी आत गेले. सून विहिरीवर होती. हळदीचा डबा काढला, शेजारी बेसनाचा होता. हळद पाण्यात तळाशी बसते. बेसन आचेवर काय करतं, हे मला कोणी शिकवायचं नाही. चाळीस वर्षं पिठलं घोटलं आहे. चार मुठी बेसन घेतलं, थोडं थोडं पाणी घालत बोटांनी मोडलं, वरून रंगापुरती हळद. एक गाठ होऊ दिली नाही. लोटा इवायांच्या हातात दिला.

त्यांनी ओतलं, वरून पाणी भरलं, गाडी चालू केली. आणि पाहा नशीब, टपकणं बंद झालं. भोकाला काय, बेसन असो की हळद. सुखदेवनं वाकून पाहिलं, कोरडं बोट मला दाखवलं आणि इवायांच्या पायाला हात लावला.

"पाहिलं, माय? बापूजीचं डोकं."

शनिवारपर्यंत थांबतो कोण. दुपारीच सुधाची पेटी गाडीत ठेवली अन् तिघंही निघाले. मी दारापर्यंत गेले नाही.

गाव सोडून गाडी दोन कोसही गेली नाही. उन्हं कलायच्या आधी कोणाच्या तरी ट्रॅक्टरला दोरीनं बांधून परत आली. सुखदेव सुकाणूवर, इवाई अन् सुधा मागून पायी. पुढच्या झाकणातून वाफ निघत होती, पिवळे ओघळ खालपर्यंत आलेले, आणि अंगणभर वास. अंबाबाई कुडावरून डोकावली.

"कोणाकडं पिठलं शिजून राहिलं वो आज?"



इवायांनी फडक्यानं रेडिएटरची टोपी फिरवली. आतून घट्ट पिवळा लगदा वर आला. त्यांनी तो बोटावर घेतला, हुंगला, जिभेला लावला. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली नाही. त्यांनी बोट धोतराला पुसलं.

"काय झालं, बापूजी?" सुखदेवनं विचारलं.

"माहंच चुकलं. हळद जास्त झाली. वय झालं, अंदाज राहत नाही आता."

सुखदेवचा चेहरा उतरला. सगळ्या बाजारातून दोरीनं ओढत आणलेला माणूस तो. "पंचवीस वर्षं गाडी चालवली म्हणता," तो म्हणाला, "अन् दोन मुठीचा अंदाज नाही? नसतं येत तं सांगाचं होतं."

हेच तर मला हवं होतं. इवाई मान खाली घालून ऐकत होते, सुधा रडवेली झाली होती, आणि मी ओट्यावर उभी राहून ते सगळं चवीनं पाहिलं. खोटं कशाला बोलू, गोड लागलं.

पण घास गळ्याखाली उतरेना. माझ्या मनात आलं, आज नाही उद्या सुखदेवला कळेल. सुधा डबे पाहील, बेसन कमी दिसेल. मग तो म्हणेल, बापूजींनी माझ्या मायची अब्रू राखली, शिव्या खाऊन राखली. म्हणजे पोरगा त्यांचा, पोराच्या तोंडचं नाव त्यांचं, आणि माझी अब्रूही त्यांच्याच खिशात. आयुष्यभर मी या माणसाला भिऊन जेवायला वाढायचं? ते मला जमणार नव्हतं.

"त्यायचं नाही चुकलं," मी म्हटलं. "बेसन हाय ते. मी कालवलं. समजून-उमजून कालवलं."

सुखदेवनं मान वळवली. "काहून, माय?"

"तुह्या बापाचं नाव तू वाटत फिरून राहिला म्हून."

त्यानं पाना घेतला आणि रेडिएटर खोलायला बसला. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

शुक्रवारी सकाळी रेडिएटर काढून माझ्या धुण्याच्या दगडावर ठेवला. मी चुलीवर पाणी तापवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला. इवाई ओतत होते, मी काडी घालून जाळी मोकळी करत होते. पिठलं असं काही चिकटून बसलं होतं की कढईला कधी बसलं नसेल.

"गाठ मात्र एक नाही," इवाई म्हणाले.

"माह्या हातून होत नाही."

"दिसते." त्यांनी दुसरा लोटा ओतला. "मले चार पोरीच, इहीनबाई. जवाई बापूजी म्हणते, तं तोंड धरवत नाही त्याचं."

"मले एकच हाय. मी धरीन."

ते खाली पाहून हसले. मला हसू आलं नाही. या माणसाला टोचलं तरी रक्त निघत नाही, हेच तर माझं दुखणं होतं.

जाळी मोकळी झाली तेव्हा भोक दिसलं, मोहरीएवढं. इवायांनी चुलीत लोखंड तापवलं, नवसागर लावून कथलाचा डाख दिला. भांड्याला देतात तसाच. पाणी भरून दुपारभर ठेवलं. थेंब पडला नाही.

शनिवारी सकाळी सुधाची पेटी परत गाडीत गेली. सुखदेव दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होता. "मामाजी, बसा," तो म्हणाला, आणि इवायांना क्षणभर कळलंच नाही की आपल्यालाच म्हटलं. मग ते निमूट पुढचं दार उघडायला गेले. त्यांचा चेहरा पाहून मला जेवढा आनंद व्हायला हवा होता तेवढा झाला नाही. सुखदेव माझ्या पाया पडला, पाहुणा पडतो तसा, वाकला न वाकला. "येतो," म्हणाला. कधी येतो ते बोलला नाही.

मी आत गेले. धुतलेलं लुगडं नेसले, तेलाची वाटी अन् रुईच्या पानांची माळ घेतली, दाराला कडी घातली. गाडीशी येऊन इवायांच्या आधी पुढच्या सीटवर बसले.

"इवाई, तुमी मांगं बसा पोरीजवळ."

"तू कुठं चालली, माय?" सुखदेवनं विचारलं.

"जामसांवलीले. शनिवार हाय. सवारीच पाहिजे ना तुले, मंग पहिली मी."

"अन् वापस कोण आणन तुले? आमी तं सौंसरलेच राहून राहिलो."

"ज्यानं नेलं तो," मी म्हटलं. "आता दर शनिवारी जाईन म्हणते. नवस हाय माहा."

मागच्या सीटवर इवाई खोकले. सुखदेवनं माझ्याकडे पाहिलं अन् किल्ली फिरवली.