शेवटची प्रत

मित्रांनो, माझ्याकडे वेळ थोडा आहे, म्हणून भराभर सांगतो. मी गोष्टीचं एक जुनं पुस्तक आहे. आत्ता एका गोणीत उलटा पडलो आहे. पाठीवर दोन जाडजूड शब्दकोश आहेत आणि पोटाखाली ओल. या गोण्या ट्रकमध्ये चढल्या की आम्ही कागदाच्या कारखान्यात जाणार. तिथे आमचा लगदा करतात.

माझा जन्म एका छोट्या छापखान्यात झाला. छपाईसाठी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे आजोबा माझी एक ओळ जुळवताना स्वतःशीच हसले होते, एवढंच मला आठवतं. माझ्यात एकच गोष्ट आहे, नावाड्याच्या मुलीची. तिचा बाप नाव घेऊन जातो आणि परत येत नाही. मग ती वल्हं खांद्यावर टाकून काठाकाठाने त्याला शोधायला निघते.

वाचनालयात मला मागच्या खोलीत, खिडकीखालच्या कपाटात जागा मिळाली. सुरुवातीची वर्षं मजेत गेली. माझ्यावरून मुलांची भांडणं होत. कुणी माझ्यावर दूध सांडलं, कुणी खूण म्हणून माझ्यात चक्क कंगवा ठेवला. मी कुणावर रागावलो नाही.

मग ती आली. शिवणकाम करणाऱ्या बाईंची आठ वर्षांची मुलगी. बोलताना ती अडखळायची, म्हणून वर्गातली मुलं तिला 'गाडी' म्हणत. धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही, असं म्हणून खिदळत. तिचे वडील कामासाठी लांब गेले होते आणि त्यांची पत्रं यायची थांबली होती. कपाटामागे बसून ती मला मोठ्याने वाचायची. आणि मित्रांनो, मला वाचताना ती एकदाही अडखळली नाही!

एकदा ग्रंथपालकाका पलीकडे उभे राहून ऐकत होते. त्यांना बघून ती दचकली.

"का-काका, हे कु-कुणी लिहिलं?"

"माणसानेच, आणखी कुणी?"

"मो-मोठ्या माणसाने?"

"तोही आधी लहानच असेल की. जन्मतः कुणाला मिशा नसतात."

ती खुदकन हसली. "मग म-मलापण येईल लिहायला?"

"न यायला काय झालं? आधी वाचून तर संपव."

"चा-चार वेळा संपवलंय."

"मग उशीर कशाला?" असं म्हणून काकांनी तिला जुन्या वहीतले कोरे कागद फाडून दिले. बाप सापडल्यावर नावाड्याची मुलगी त्याला काय काय बोलली असेल, ते तिने लिहून काढलं. दोन पानं नुसती भांडणाची होती. ती लिहीत होती तेव्हा मी तिच्या मांडीवर होतो.

ती मोठी झाली, दुसऱ्या शहरात गेली, मुलांसाठी पुस्तकं लिहू लागली. तिचं पहिलं पुस्तक काकांनी माझ्या शेजारी ठेवलं. त्याच्या पहिल्या पानावर छापलं होतं, 'खिडकीखालच्या कपाटातल्या नावाड्याच्या मुलीस.' काकांनी ते मला वाचून दाखवलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

पुढे माझा निळा पुठ्ठा निखळला. बाइंडरने मला जाड काळा पुठ्ठा चढवला आणि पाठीवर पांढऱ्या शाईने नाव लिहिलं. काका निवृत्त झाले, मग वारले. छत गळू लागलं. कुणी खाली साधी बादलीही ठेवली नाही. माझं नाव धुऊन गेलं, पानं एकमेकांना घट्ट चिकटली. शेवटी मागची खोलीच पाडायचं ठरलं आणि आम्हाला गोण्यांत भरलं.

आज सकाळी ती आली. मी तिला आवाजावरून ओळखलं.

"खिडकीखालचं कपाट कुठे आहे हो?"

"मोडीत गेलं, मॅडम," कारकूनबाई म्हणाल्या. "पुस्तकं त्या गोण्यांत आहेत. बाराला ट्रक निघेल."

"थांबवा ना! त्यात नावाड्याच्या मुलीचं पुस्तक होतं. प्रकाशक ते पुन्हा छापायला तयार आहेत. फक्त एक प्रत हवी. सगळीकडे शोधलं, कुठे म्हणून उरलेली नाही. इथलीच शेवटची आहे."

"माझ्या हातात काही नाही हो. पण तोवर शोधा. मीही लागते तुमच्याबरोबर."

दोघींनी गोण्या सोडल्या. उपसता उपसता तिची नखं तुटली. आणि एकाएकी माझ्यावर उजेड पडला. तिचा हात! तिने मला उचललं. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, 'मीच तो! उघड मला!' पण कुणी वाचल्याशिवाय पुस्तकाला आवाज कुठून येणार? तिने पानं सोडवून पाहिली. ती हललीच नाहीत.

"हेच का?" बाईंनी विचारलं.

"नाही. माझं नि-निळं होतं."

तिने मला हळूच बाजूला ठेवलं. हमालाने पुन्हा गोणीत टाकलं.

बारा वाजले. ती पायरीवर मटकन बसली.

"गोष्ट तरी आठवतेय ना तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"बाप जातो. मग ती व-वल्हं घेते. पहिल्या गावात तिला... त-तिला..." ती थांबली. "चित्रं दिसतात हो. शब्द गेले सगळे."

मी तिच्यापासून चार हातांवर होतो. एकूण एक शब्द माझ्यापाशी होता.

"आधी का नाही आलात?"

"दरवर्षी ठरवायचे. वाटायचं, पु-पुस्तक कुठे पळून जातंय?"

गोणीचं तोंड शिवलं. आता काही दिसत नाही. मित्रांनो, तुम्हालाही एखाद्या पुस्तकाने हाताला धरून चालवलं असेल. त्याला ओलीतून उचला, फाटलं असेल तर चिकटवा, पुठ्ठा अनोळखी दिसला तरी उघडून बघा. आणि उद्यावर टाकू नका. मला उचललंय. ट्रक सुरू झाला आहे.