शाळेच्या वाटेवरची घरं

थोरलीचं सगळं आयुष्य जमिनीखाली चाललंय, असं तिची धाकटी बहीण चेष्टेनं म्हणायची. ते काही खोटं नव्हतं. शहराच्या पाणीखात्यात ती नकाशे करायची. कुठल्या रस्त्याखालून कुठली पाइपलाइन गेलीय, कुठला व्हॉल्व्ह कुणाच्या अंगणात गाडला गेलाय, हे सगळं तिच्या संगणकावर थराथरानं मांडलेलं असे. एक थर पाण्याचा, एक सांडपाण्याचा, एक विजेचा. लोक फोनवर तावातावानं बोलायचे आणि ती नकाशा उघडून थंडपणे सांगायची, "खांबाच्या डावीकडे खणा. तिथंच फुटलीय."

आईच्या लहानपणाचा विषय निघाला, की मात्र तिच्यापाशी मांडायला काहीच नसे. आई चार वर्षांची असताना तिचे वडील होडी उलटून गेले. वर्ष उलटायच्या आत तिच्या आईनं, म्हणजे थोरलीच्या आजीनं, एका शिंप्याशी दुसरं लग्न केलं. मुलीला पहिल्या नवऱ्याच्या चुलतभावाकडे ठेवलं आणि ती निघून गेली. त्या काका-काकूंनी पोरीला पोटच्या लेकीसारखं वाढवलं. काका टेलिफोनच्या तारा ओढणारे लाइनमन. दर दोन-तीन वर्षांनी बदली, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. एवढं सांगून आई थांबायची. जन्म देणारीबद्दल तिचं वाक्य ठरलेलं होतं. "तिनं मागे वळून पाहिलं नाही." पुढे कुणी काही विचारलं, तर ती उठून कपड्यांच्या घड्या करायला लागायची.

आईचे गुडघे गेले, ती घराबाहेर पडेनाशी झाली, तेव्हा थोरलीनं मनावर घेतलं. घराण्यांच्या वंशावळी जुळवणारं एक संकेतस्थळ असतं. त्यावर तिनं आजीचं नाव, माहेरचं आडनाव, होडीवाल्या आजोबांचं नाव असं ठाऊक होतं तेवढं घातलं. मग हौसेनं एक नकाशाही सुरू केला. आई ज्या ज्या गावी वाढली तिथं एकेक लाल ठिपका आणि त्याखाली वर्षं. आईनं नाक मुरडलं, पण पत्ते सांगितले. शाळा कुठं होती, कुठल्या रस्त्यानं जायची, तेही सांगितलं. म्हातारपणी माणसाला चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, शाळेची वाट आठवते.

बऱ्याच महिन्यांनी त्या संकेतस्थळावर निरोप आला. "तुम्ही लिहिलेलं नाव माझ्या आईचं आहे. माझे वडील शिंपी होते. तुम्ही आमच्या कोण?"

थोरलीनं फोन लावला. पलीकडे एक निवृत्त परिचारिका होती, आईपेक्षा सात वर्षांनी लहान. म्हणजे आईची बहीण, थोरलीची मावशी. थोरलीनं सगळं सांगितलं.

"आईचं आधी एक लग्न झालं होतं, हे मला माहीत होतं," मावशी म्हणाली. "मूल होतं, हे आज कळतंय. पन्नास वर्षं झाली तिला जाऊन."

त्यानंतर थोरली आणि मावशीचे फोन होत राहिले; आईनं मात्र बहीण सापडल्याचं ऐकून विषय बदलला. मावशीचा स्वभाव तिखट, बोलणं फटकळ. आपल्या आईबद्दल बोलताना तर तिची जीभ जास्तच चाले. "तिला कुठंच करमायचं नाही गं. जरा कुठं माझा जीव रमला, मैत्रीण मिळाली, की उठा, चला. बाबा बिचारे शिलाईमशीन डोक्यावर घेऊन तिच्या मागे. गिऱ्हाईक बसायच्या आत दुकान उठायचं. मी इतक्या शाळा बदलल्या, की मास्तरांनी नाव विचारलं की मी रडायचे. कशासाठी? विचारलं तर म्हणायची, इथलं पाणी मानवत नाही." मग म्हणाली, "तू नकाशे करतेस ना? आमची घरं मांडून दे मला. डोळे मिटायच्या आधी कळू दे, आम्ही कशापायी फिरत होतो."

आणि तिनं गावांची नावं सांगायला सुरुवात केली. तिसऱ्या नावाला थोरलीचं पेन थांबलं. चौथं तिला न ऐकताच ठाऊक होतं.

तिनं मावशीला लगेच काही सांगितलं नाही. गावं एकच असली तरी गाव काय, मोठं असतं. घाईनं काही बोलून कुणाच्या काळजाला हात घालायचा नाही, एवढी समज तिला होती. तिनं सरकारी दफ्तरातून त्या त्या गावांच्या जुन्या मोजणीच्या नकाशांच्या प्रती मिळवल्या. रस्त्यांची नावं बदललेली, निम्मी घरं पडलेली. आजच्या उपग्रहाच्या चित्रावर मावशीचं "चुन्याच्या भट्टीमागे, टाकीसमोर" कुठून सापडणार? तेव्हा तिनं रोजच्या कामातली युक्ती केली. जे हललेलं नाही ते पकडायचं. पुलाची दोन टोकं, रेल्वेचं फाटक, पाण्याची टाकी. जुन्या नकाशातल्या या खुणा नव्या चित्रातल्या त्याच खुणांवर टाचायच्या, की जुना कागद ताणून बरोबर जागेवर बसतो. मग वरचा थर हळूहळू पुसट करत न्यायचा. खालून आजचं गाव वर येतं आणि कालचं घर त्याच्यावर सावलीसारखं राहतं.

मावशीच्या घरांना तिनं निळे ठिपके दिले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, सगळे खाली गेलेले असताना, तिनं पडद्यावरची वर्षांची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकवली. लाल ठिपका एका गावाहून दुसऱ्या गावी गेला. जरा पुढे सरकवल्यावर निळाही गेला. लाल हलला, निळा हलला. प्रत्येक वेळी लाल आधी, निळा मागून. तिनं पट्टी पुन्हा मागे नेली, एकेक गाव मोठं करून पाहिलं. आईनं सांगितलेल्या शाळेच्या वाटा तिनं लाल रेघांनी काढून ठेवल्या होत्या. निळा ठिपका दर गावात त्या रेघेला चिकटून होता. कुठं घराजवळ, कुठं शाळेजवळ, पण वाटेवरच.

जेवायचा डबा तसाच राहिला. तिनं मावशीला फोन लावला.

"मावशी, तुमच्या घरांना रस्त्याकडे खिडकी असायची?"

"असायची म्हणजे? खिडकी पाहूनच घर घ्यायची ती. तिथं बसून काजं-बटणं करायची, उजेड चांगला येतो म्हणे. उन्हाळा असो की थंडी, खिडकी सोडायची नाही. का गं?"

थोरलीनं सांगितलं.   मावशी अचानक म्हणाली, "एक माणूस यायचा आमच्याकडे. खांद्यावर दोराचं वेटोळं, टेलिफोनच्या खांबांवर चढणारा. शर्ट शिवून न्यायचा. बाबा त्याच्याकडून शिलाई घ्यायचे नाहीत. मी म्हणायचे, हा फुकट्या कोण? तो येऊन गेला की थोड्या दिवसांत आमचं बिऱ्हाड हलायचं."

आता आईला सांगणं आलं. थोरली दोन दिवस शब्द जुळवत राहिली आणि तिसऱ्या दिवशी, काहीच न जुळवता, संगणक आईच्या मांडीवर ठेवून, "लाल तू, निळी आजी," एवढंच सांगून तिनं पट्टी सरकवली. आई चष्म्यातून बघत राहिली.

"योगायोग आहे," ती म्हणाली.

"इतक्या वेळा?"

"होतो. तुला काय माहीत?"

थोरलीनं दोरवाल्या माणसाचं सांगितलं. आईचा हात हळूच गळ्याशी गेला, तिथं कॉलर असावी तसा.

"काकांचे शर्ट," ती म्हणाली. "काकूच्या हाती सुई कधी टिकली नाही, घरात कुणाला शिवता यायचं नाही. काकांच्या शर्टांची शिवण बघून लोक पत्ता विचारायचे. मीच करायचे इस्त्री त्यांना." ती पडद्याकडे पाहत राहिली, आणि मग एकाएकी तिचा आवाज चढला. "मग दार का नाही वाजवलं? इतक्या जवळ होती तर दार का नाही वाजवलं तिनं? काकू काय खाणार होती तिला?"

काकू काही खाणार नव्हती. पण काकूला दुसरं मूल नव्हतं आणि भीती फार होती. मुलगी आमच्याकडे ठेवायची असेल तर तिला तोंड दाखवायचं नाही, असं तिनं आजीकडून वचन घेतलं असेल, आणि काकांनी बायकोच्या पाठीमागे जमेल तेवढं केलं असेल. हा थोरलीचा अंदाज. सांगायला त्यातलं कुणी उरलं नव्हतं. आईनं संगणक बाजूला सारला आणि कपड्यांच्या घड्या करायला घेतल्या.

आठवड्यानं तिनं स्वतःच विषय काढला. "त्या बाईकडे ने मला."

मावशीचं घर तीन तासांच्या रस्त्यावर होतं. तळमजल्यावरच्या दोन स्वच्छ खोल्या, औषधाच्या डब्या उंचीप्रमाणे लावलेल्या. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या. चहा निवला. फोनवर तडतड बोलणारी मावशी आईसमोर "तुम्ही, तुम्ही" करत होती.

"तुमच्यासाठी चाललं होतं होय सगळं," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यापायी माझी एक शाळा धड झाली नाही."

"मी बोलावलं नव्हतं," आई म्हणाली. "तुला आई तरी मिळाली."

"मिळाली? ती खिडकीत होती, ताई. मी पाठीमागे हाका मारत असायचे आणि ती रस्त्याकडे बघत असायची."

ताई हा शब्द तिच्या तोंडून कधी निघून गेला, तिचं तिलाही कळलं नाही. आईनं मान खाली घातली. 

"शेवटी का नाही आली?" आईनं विचारलं. "माझं लग्न झालं, मी शहरात गेले. तिथं निळा ठिपका नाही. मी पाहिलंय."

"सामान बांधलं होतं," मावशी म्हणाली. "मशीनसुद्धा सुतळीनं बांधून ठेवलं होतं. आणि तिला झटका आला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. तीन वर्षं होती तशीच. मी तेरा वर्षांची होते. तिची खाट मी खिडकीपाशी ठेवली होती. ती सारखा चांगला हात उचलून खिडकीकडे करायची, घशातून आवाज काढायची. मला वाटायचं, ऊन लागतंय." तिनं ओठ घट्ट मिटले. "मी पडदा ओढायचे. ती रडायची, मी आणखी ओढायचे."

आई खुर्चीचा हात धरून कष्टानं उठली. गुडघे साथ देत नव्हते, तरी ती तीन पावलं चालून गेली आणि मावशीच्या शेजारी बसली. गळ्यात पडणं वगैरे काही झालं नाही. तिनं मावशीच्या डोक्यावर हात ठेवला, आजारी मुलाचा ताप बघावा तसा, आणि ठेवूनच दिला. "तू पोर होतीस," ती म्हणाली. "कुणी सांगितलं नाही तुला. मलाही नाही."

फोटो एकही नव्हता. आईनं विचारलं, ती दिसायला कशी होती? मावशी म्हणाली, "तुझ्यासारखी. दारात तुला बघितलं तेव्हाच मी ओळखलं होतं."

निघताना मावशी गाडीपर्यंत आली. "पुढच्या महिन्यात मी येते तिकडं," ती म्हणाली, आणि आई म्हणाली, "राहायला ये."

परतीच्या वाटेवर आई काचेबाहेर बघत होती. थोरलीला वाटलं तिचा डोळा लागला. तेवढ्यात ती म्हणाली, "चौथ्या गावात ना..."

"काय?"

"मला एक मैत्रीण मिळाली होती तिथं. रेल्वेच्या फाटकापलीकडे राहायची. तिच्या सोबतीसाठी मी लांबच्या रस्त्यानं शाळेत जायचे. तुला मी नेहमीची वाट सांगितली, ती पहिल्या काही दिवसांची. पुढे वर्षभर मी त्या रस्त्यानं, तिच्या खिडकीवरून, गेलेच नाही."

थोरलीनं गाडीचा वेग कमी केला. 

"वर्षभर," आई म्हणाली. "तिला वाटलं असेल, मला काही झालं. काका शर्ट न्यायला येईपर्यंत कुणाला विचारणार होती ती?"

थोरलीनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. बाजूनं ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती. आई रडत होती, लहान मूल रडतं तशी, तोंड न झाकता. थोरली तिचा हात धरून बसून राहिली.