थंडीत ठेवलेलं बी

रविवारची प्रार्थना संपल्यावर सुलेमाबाईंनी मला चर्चच्या पायरीवर गाठलं.

"पोरी, विचारू नये, पण यंदा रोपं मिळतील का गं? तुझ्या आईनं कबूल केलं होतं."

"गेल्या वर्षीही दिली होती ना तिनं?"

"दिली होती की. मी रोज पाणी घातलं त्यांना. अगदी प्रेमानं."

आमच्याकडच्या रानटी मिल्कवीडला मारण्याचा हाच खात्रीचा उपाय आहे. पावसाविना ते दोन-दोन उन्हाळे काढतं. त्याचं जाड मूळ खडकाच्या फटीत खोल उतरतं, आणि वर काहीच दिसत नाही तेव्हाही ते जिवंत असतं. पण माया केली की कुजतं. आई दर वसंतात निम्म्या गावाला रोपं वाटायची आणि पुढच्या वसंतात त्याच लोकांना पुन्हा वाटायची. मार्चमध्ये मेक्सिकोहून उत्तरेला, आमच्याकडे येणाऱ्या मोनार्क फुलपाखरांच्या माद्या, झिजून विरलेल्या पंखांच्या, या चिकाळ पानांवाचून दुसरीकडे कुठेच अंडी घालत नाहीत. फुलांवर मधमाश्या आणि भुंगे येतात ते वेगळेच.

"बघते," म्हटलं मी.

बी आईनं गेल्या मेमध्ये जुन्या रस्त्याच्या कुंपणालगतच्या झाडांवरून गोळा केलं होतं. शेंगा उकलून म्हाताऱ्या उडायच्या आत ती तिथं पोचायची. ऑगस्टमध्ये तो रस्ता रुंद झाला आणि झाडं डांबराखाली गेली. म्हणजे होतं ते एवढंच बी. दीड महिना ओल आणि थंडी मिळाल्याशिवाय ते रुजत नाही, म्हणून जानेवारीत तिनं ते ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रीजच्या खालच्या खणात ठेवलं. त्याच आठवड्यात ती गेली.

घरी येऊन मी खण उघडला. आत कुणीतरी आणलेल्या मोलेचे, म्हणजे मिरचीच्या दाट रश्शाचे, दोन डबे होते. पिशवी नव्हती. वरचे कप्पे पाहिले, बर्फाचा कप्पा पाहिला. बाबा टेबलाशी बसून बघत होते.

"तिच्यासाठीच्या प्रार्थनेला नऊ दिवस लोक जेवण घेऊन येत होते," ते म्हणाले. "कुणीतरी जागा केली असेल."

"कुणी?"

आमच्या घराण्यात दुसऱ्याच्या फ्रीजमधलं जुनं-पुराणं न विचारता फेकणारी एकच बाई आहे: आईची धाकटी बहीण, एलोदिया मावशी. एकदा तिनं आईचं आंबवायला ठेवलेलं पीठसुद्धा "सडलं" म्हणून फेकलं होतं.

"दुकानात मिळतात ना, लाल-पिवळ्या फुलांची रोपं?" बाबा म्हणाले.

"ती इकडची नाहीत, बाबा. ती हिवाळ्यातही हिरवी राहतात, मग फुलपाखरं दक्षिणेला जायचं विसरतात आणि त्यांच्यात रोग पसरतो."

हे वाक्य आईचं होतं. आम्हा दोघांनाही ते कळलं. मी गाडीची किल्ली उचलली.

वाटेत मी काय बोलायचं नाही ते ठरवत गेले. फेकलं असेल तर ते परत येणार नव्हतं. मावशीनं आधीच बहीण गमावली होती. तिला आणखी काही ऐकवायचं नव्हतं. पण तिनं दार उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "मावशी, खालच्या खणातली पिशवी तू फेकलीस का?"

"मी?" तिनं हातातलं फडकं कमरेला खोचलं. "मी फेकली? पोरगी दोन महिन्यांनी माझ्या दारात येते, आणि हे विचारायला!"

"मग कुठंय?"

"चल."

तिनं मला गॅरेजात नेलं. तिथला जुना फ्रीज काकांच्या बिअरसाठी आहे. बाटल्यांच्या मागे हात घालून तिनं पिशवी बाहेर काढली.

"नऊ दिवस तुमच्या फ्रीजचं दार मिटलं का कुणी? आतलं लोणी वितळलं होतं. आणि तुझी आई दर जानेवारीला माझं डोकं खायची, हे गार राहिलं पाहिजे म्हणून. आणलं उचलून. तुझ्या काकांना सांगितलं, बिअर घे, पण याला हात लावलास तर तुलाच तिथं ठेवीन."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. दोनदा. तू भिंतीकडे बघून 'थँक यू' म्हणालीस."

असेल. त्या दिवसांतलं मला फारसं काही आठवत नाही.

स्वयंपाकघरात आम्ही पिशवी उघडली. मी कागदाची घडी हळूहळू सोडवली आणि मावशी किंचाळली, "अगं, अळ्या पडल्या!"

अळ्या नव्हत्या. चपट्या तपकिरी बियांमधून पांढरी मुळं निघाली होती, काही कागदात घुसलेली. सगळ्यांना नव्हती. पण बऱ्याच जणींना होती.

"जिवंत आहेत," मी म्हटलं.

मावशी चष्मा लावून वाकली. "मला उघडून बघायची भीती वाटत होती," ती म्हणाली. "म्हटलं, माझ्याकडे असताना मेलं तर ती वरून माझ्या नावानं ओरडेल." मग नाक पुसून, "आता काय करायचं?"

"आजच लावायला हव्यात. मुळं मोडायच्या आत."

मी बाबांना फोन केला. "सापडलं. मावशीनं सांभाळलं होतं. रुजायला लागलंय."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"काळी माती चालणार नाही त्यांना," बाबा म्हणाले. "ओढ्यावरची भरड वाळू लागेल. मी घेऊन येतो."

त्यांना हे ठाऊक असेल असं मला कधी वाटलंच नव्हतं. मावशीनं माझ्या हातातून फोन घेतला.

"एवारिस्तो, एकच पोतं आण. आणि पाय वाकवून उचल, पाठ धरली तर मी चोळून देणार नाही."